कॉलवर आजीचाच आवाज तेवढा वाढवता का येत नाही?

रविवारी सकाळी सगळ्या घराचा मिळून व्हिडिओ कॉल, हा प्रकार लॉकडाऊनमधे सुरू झाला आणि बऱ्याच घरांत अजून चालू आहे. कोथरूडहून आजी-आजोबा, नाशिकहून काका, बाणेरहून आत्या, न्यू जर्सीतून नातू. आणि दर रविवारी तेच. काका बोलले की लॅपटॉपचा स्पीकर फाटतो, आजी बोलायला लागली की सगळे स्क्रीनला कान लावतात. आजीसाठी आवाज वाढवावा तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका मधेच "अगं ते नाही गं" करतात आणि मग घाईघाईत आवाज कमी करायचा, तोवर आजीचं वाक्य गेलेलं असतं, आणि "काय म्हणालीस?" असं तिसऱ्यांदा विचारलं की ती "काही नाही रे, राहू दे" म्हणून गप्प बसते.

ते "राहू दे" मला फार लागतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, की प्रत्येक माणसाचा आवाज ऐकणाऱ्याला वेगवेगळा कमी-जास्त करता येणं ही गोष्ट नक्की काय आहे, ती कुठे मिळते, कुठे मिळत नाही आणि का, आणि मिळत नसेल तिथे आज काय करता येतं.

आधी एक घोळ सोडवू. "आवाजाचं कंट्रोल" म्हटलं की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे बोलणाऱ्याच्या हातातलं, त्याचा माइक, त्याची माइकची पातळी, त्याचं म्यूट. दुसरं होस्टच्या हातातलं, तो कोणालाही म्यूट करू शकतो, पण केलं की तो माणूस सगळ्यांसाठीच गप्प होतो. आणि तिसरं ऐकणाऱ्याच्या हातातलं, म्हणजे मी माझ्या घरी, माझ्यापुरता, काकांचा आवाज निम्मा केला आणि आजीचा तसाच ठेवला, बाकी कोणाला काही फरक पडला नाही आणि कोणाला कळलंही नाही. पहिली दोन जवळपास सगळ्या ॲपमधे आहेत. तिसरं ऑफिसात चालणाऱ्या मोठ्या ॲपनी वर्षानुवर्षं दिलेलंच नाही, तिथे एकच मोठा स्लायडर, सगळे आवाज एकदम वर नाहीतर एकदम खाली.

तिसरं कंट्रोल किती साधं आहे ते कळायला सवाई गंधर्व महोत्सव आठवा. स्टेजवर गायकासमोर माइक, दोन तानपुऱ्यांना माइक, तबल्याला, पेटीला, प्रत्येकाची वायर वेगळी आणि समोर साउंडवाल्याच्या मिक्सरवर प्रत्येकाची वेगळी पट्टी. तबला जास्त येत असेल तर तो तबल्याचीच पट्टी खाली घेतो, अख्ख्या मंडपाचा आवाज कमी करत नाही. आपल्याला हवी आहे ती तेवढीच गोष्ट, फक्त मिक्सर प्रत्येक श्रोत्याच्या स्वतःच्या हातात.

आता प्रश्न असा की वायरी वेगवेगळ्या आपल्यापर्यंत येतात का? इथे खरी गंमत आहे, जरा नीट बघू.

आजी बोलते तेव्हा तिच्या फोनचा माइक तो आवाज पकडतो. पुढे पाठवायच्या आधी फोनमधेच त्यावर तीन कामं होतात. स्पीकरमधून आलेला पलीकडच्यांचा आवाज परत माइकमधे शिरला असेल तर तो काढून टाकणं म्हणजे इको कॅन्सलेशन, मग पंखा, मिक्सर, रस्त्यावरची वर्दळ दाबणं म्हणजे नॉइज सप्रेशन, आणि आवाज फार लहान असेल तर वाढवणं, फार मोठा असेल तर उतरवणं, म्हणजे ऑटोमॅटिक गेन कंट्रोल. त्यानंतर तो आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत कापला जातो, साधारणपणे एक तुकडा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ५०. हे तुकडे दाबून लहान करायचं काम बहुतेक ठिकाणी ओपस नावाचा कोडेक करतो, तो २०१२ साली इंटरनेटचं अधिकृत स्टँडर्ड झाला आणि ब्राउझरमधल्या कॉलचं जे स्टँडर्ड आहे त्यानुसार ब्राउझरला तो चालवता येणं सक्तीचं आहे. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही तो चालतो, आणि नुसतं बोलणं असेल तर तीसेक किलोबिटमधे चांगलं निभतं. व्हिडिओच्या मानाने हे काहीच नाही. म्हणजे दहा माणसांचे आवाज वेगवेगळे पाठवले तरी एका माणसाच्या बऱ्यापैकी व्हिडिओएवढंही इंटरनेट लागत नाही, त्यामुळे "वेगवेगळे आवाज पाठवायला डेटा परवडत नाही" हे कारण कोणी सांगत असेल तर ते मला तरी पटत नाही.

हे तुकडे सर्व्हरला जातात, आणि सर्व्हरवर दोनपैकी एक गोष्ट होते.

जुनी पद्धत अशी की सर्व्हर सगळ्यांचे आवाज उलगडतो, एकत्र मिसळतो, आणि तयार मिश्रण प्रत्येकाला पाठवतो. प्रत्येकाला थोडं वेगळं मिश्रण लागतं, कारण आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू आला तर बोलता येत नाही, म्हणून दहा माणसं असतील तर "हा सोडून बाकी नऊ" अशी दहा मिश्रणं बनतात. या पद्धतीत आपल्या लॅपटॉपला एकच आवाज येतो. त्यातून काका वेगळे काढणं म्हणजे चहातून साखर वेगळी काढणं झालं, आपल्याकडे काही करण्यासारखं उरत नाही, मिश्रण करतानाच सर्व्हरने आपलं ऐकलं तर ऐकलं. जो माणूस साध्या फोनवरून नंबर फिरवून मीटिंगला येतो त्याला तर नेहमी असंच मिश्रण मिळतं, कारण फोनची लाइन एकच आवाज नेऊ शकते, दुसरा रस्ताच नाही.

नवी पद्धत अशी की सर्व्हर काही मिसळत नाही, ज्याचे तुकडे आले ते जसेच्या तसे बाकीच्यांकडे पुढे ढकलतो, आणि मिसळायचं काम आपला लॅपटॉप नाहीतर फोन करतो. आजकालचे बरेचसे व्हिडिओ कॉल असेच चालतात. म्हणजे आजी वेगळी, काका वेगळे, आत्या वेगळी, सगळे वेगवेगळे आपल्या मशीनपर्यंत येतात आणि अगदी शेवटच्या क्षणी एकत्र होऊन स्पीकरमधून बाहेर पडतात. या जागी प्रत्येकाला एक पट्टी लावणं प्रोग्रॅमरच्या दृष्टीने अगदी छोटं काम आहे, आवाजाच्या प्रत्येक आकड्याला एका आकड्याने गुणायचं, काकांना ०.५ ने, आजीला १ ने. संपलं.

पण एक अडचण आहे, आणि ती खरी आहे. पन्नास माणसांची मीटिंग असेल तर पन्नास आवाज प्रत्येकाकडे ढकलण्यात अर्थ नाही, कारण एका वेळी बोलतात दोन किंवा तीन. म्हणून बरेच सर्व्हर त्या क्षणी सगळ्यात मोठ्याने बोलणारे काही मोजकेच आवाज पुढे पाठवतात. हे ठरवायला सर्व्हरला आवाज उलगडावाही लागत नाही, कारण आवाजाच्या प्रत्येक पॅकेटच्या वर त्या तुकड्याची पातळी लिहायची सोय आहे, ० ते १२७ मधला एक आकडा, ० म्हणजे सगळ्यात मोठा आवाज आणि १२७ म्हणजे शांतता. सर्व्हर फक्त तो आकडा वाचतो. आता बघा, आजी हळू बोलते म्हणून तिचा आकडा आधीच शांततेकडे झुकलेला, आणि त्याच वेळी काका बोलतायत, नाशिकला टीव्ही चालू आहे, आत्याकडे कुकरची शिट्टी होतेय. अशा वेळी आजीचे तुकडे आपल्यापर्यंत आलेच नाहीत असंही होऊ शकतं, आणि जे आलंच नाही ते कुठल्याही स्लायडरने वाढत नाही. मोठ्या मीटिंगमधे हळू बोलणारा माणूस असा दोनदा मागे पडतो. म्हणून ज्यांना बोलायचं नाही त्यांनी स्वतःला म्यूट ठेवणं ही नुसती शिस्त नाहीये, त्याने हळू बोलणाऱ्याला जागा मिळते.

आवाज वेगवेगळे आपल्या मशीनपर्यंत येतात याचा एक पुरावा घरबसल्या बघता येतो. झूममधे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना सेटिंगमधे एक पर्याय आहे, प्रत्येक सहभागी माणसाची वेगळी ऑडिओ फाइल ठेवायची. तो चालू केला की मीटिंग संपल्यावर फोल्डरमधे एकेका माणसाची एकेक फाइल मिळते. पॉडकास्ट करणारी मंडळी हे सर्रास वापरतात, नंतर एडिटिंगला बसून एकाचा आवाज वाढवतात, दुसऱ्याचा उतरवतात. म्हणजे मीटिंग झाल्यावर जे करता येतं ते मीटिंग चालू असताना का देऊ नये, असा माझा साधा प्रश्न आहे.

देणारे देतातच. डिस्कॉर्ड, जे मुलं गेम खेळताना वापरतात, त्यात कॉलमधल्या कोणाच्याही नावावर राइट क्लिक केलं की व्हॉल्यूमची पट्टी येते, ० पासून २०० टक्क्यांपर्यंत, आणि तो बदल फक्त आपल्यालाच लागू होतो. गेम खेळणाऱ्यांना हे आधी मिळालं याचं कारण उघड आहे, तिथे पाच जण एकाच वेळी ओरडत असतात आणि कोणाचं तरी ऐकू आलं नाही तर डाव जातो, त्यामुळे त्यांनी मागणी लावून धरली. जित्सी मीट हे फुकट आणि ओपन सोर्स, त्यात कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून माणसाच्या चौकोनावरची तीन टिंबं दाबली की पट्टी दिसते. जित्सीच्या स्वतःच्या साइटवर २०२३ पासून मीटिंग सुरू करणाऱ्याला गूगल वगैरे खात्याने लॉगिन करावं लागतं, बाकीचे मात्र नुसत्या लिंकवर येऊ शकतात, आजीला काही खातंबितं काढावं लागत नाही, आणि घरगुती कॉलसाठी हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. आयफोनच्या ब्राउझरमधून मात्र ही पट्टी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण आयफोनवर वेबपेजला ऑडिओची पातळी थेट बदलायची परवानगीच ॲपलने ठेवलेली नाही, आवाज फक्त बाजूच्या बटणाने.

आता हातात पट्टी आल्यावर पहिली इच्छा काय होते, तर आजीची पट्टी पुरी वर सारायची. थांबा. वाढवताना आजीच्या आवाजासोबत तिच्या मागचा पंखा, खोलीचा घुमारा, माइकची खरखर हे सगळं तेवढंच वाढतं. आवाज आणि गोंगाट यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. तो गोंगाट कुठल्याच पट्टीने जात नाही, पण पट्टी मूळ आवाजाच्या वर ताणली तर आवाज फाटूही शकतो, निदान ते टळावं म्हणून उलटं करायचं, मोठ्याने बोलणाऱ्यांच्या पट्ट्या खाली आणायच्या आणि मग कॉम्प्युटरचा एकूण आवाज वाढवायचा. आजी वर येते, काका जागेवर राहतात. शिवाय जित्सीत पट्टी पुरी म्हणजे मूळ आवाज, त्याच्या वर जातच नाही, त्यामुळे तिथे हाच मार्ग आहे.

आणि पट्टीपेक्षा कितीतरी भारी एक गोष्ट आहे ती म्हणजे माइकचं अंतर. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माइकला पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, आकड्यात सांगायचं तर दुप्पट. आणि हे वाढणं शुद्ध असतं, कारण पंखा आहे तिथेच आहे, तो वाढत नाही, घुमाराही वाढत नाही. आजी खुर्चीत मागे टेकून बसलेली आणि फोन समोर टीपॉयवर डब्याला टेकवून ठेवलेला, म्हणजे तोंडापासून ८० सेंटिमीटर. तोच फोन ४० वर आणला की ६ डेसिबल, २० वर आणला की १२. दहा डेसिबलला कानाला आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटतो, म्हणजे नुसता फोन जवळ ठेवून आजीचा आवाज दुपटीहून जास्त होतो, एक पैसा खर्च न करता. अजून सोपं म्हणजे पूर्वी फोनसोबत मिळायचा तसा वायरचा इयरफोन, त्याचा माइक आपोआप गळ्याशी येतो.

ब्लूटूथच्या हेडफोनबद्दल लोक विचारतात, की गाणी तर झकास ऐकू येतात मग कॉलवर आवाज असा डब्यातून आल्यासारखा का? तर बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की ते गाण्याचा मोड सोडून बोलण्याच्या मोडमधे जातात, आणि तिथे आवाजाचा दर्जा खाली येतो, जाणारा पण आणि येणारा पण. उपाय असा की ऐकायला ब्लूटूथ ठेवा आणि माइक म्हणून सेटिंगमधे लॅपटॉपचाच निवडा.

कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट म्हणता येते, की ऑटोमॅटिक गेन कंट्रोल सगळ्यांचे आवाज आपोआप एका पातळीला आणतोच, मग पट्टी कशाला. बऱ्याच वेळा ते काम चांगलं होतंही, ते नसतं तर कॉल ऐकवले नसते. पण त्याला मर्यादा आहेत. तो बोलणाऱ्याच्या मशीनवर चालतो, त्याला ऐकणाऱ्याचे कान माहीत नसतात. लांब बसलेल्या माणसाचा आवाज वाढवताना तो गोंगाटही वाढवतो. आणि हिंजवडीतल्या कॉन्फरन्स रूममधे टेबलाच्या मधोमध एक माइक आणि भोवती आठ जण बसलेत, तर इंटरनेटच्या दृष्टीने ते आठ जण म्हणजे एकच माणूस, एकच आवाज. माइकशेजारचा मॅनेजर खणखणीत आणि खिडकीशी बसलेली नवी मुलगी पुसट, आणि घरून जॉइन झालेल्या माणसाने कुठलीही पट्टी हलवली तरी दोघं एकदमच वर-खाली होणार. अशा खोलीतल्या लोकांनी आपापल्या लॅपटॉपवरून वेगळं जॉइन व्हावं असं सुचवलं जातं, पण मग एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधे जाऊन शिट्टी वाजते, म्हणून ते करायचं तर प्रत्येकाने हेडफोन लावायलाच हवा आणि एका वेळी एकाचाच माइक चालू हवा.

आता ज्यासाठी मला हा विषय महत्त्वाचा वाटतो ते सांगतो. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा सगळंच सारखं कमी होत नाही. आधी वरच्या पट्टीतले, तीक्ष्ण आवाज जातात, म्हणजे बोलण्यातले स, श, फ, थ असे. त्यामुळे आजोबा म्हणतात "आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत", ते अगदी खरं असतं, लक्ष नाही म्हणून चिडायचं कारण नाही. आणि दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते, अशा कानाला लहान आवाज ऐकू येत नाही पण मोठा आवाज मात्र सामान्य माणसाइतकाच, कधी त्याहून जास्त त्रास देतो. म्हणजे ऐकू येण्याची पातळी वर गेली, सहन होण्याची पातळी तिथेच राहिली, मधली जागा चिंचोळी झाली. आजोबांसाठी एकूण आवाज वाढवला की आत्या त्यांना नीट ऐकू येते पण काका बोलले की ते कानावर हात ठेवतात. एकच मोठा स्लायडर या माणसाला कधीच पुरणार नाही, कुठेही ठेवला तरी कोणीतरी एक चुकीच्या जागी असणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना ऐकू कमी येण्यासाठी उपचार किंवा मदत लागते. म्हणजे प्रत्येक माणसाची वेगळी पट्टी ही हौसेची गोष्ट नाही, या लोकांसाठी ती कॉलमधे असणं आणि नसणं यातला फरक आहे.

त्यात आपल्याकडे आणखी एक अवघडपणा. मोठ्या काकांना "जरा हळू बोला" असं भर कॉलवर कोण सांगणार? सांगितलं तर एकदा हसून घेतील, दुसऱ्यांदा सांगितलं तर "मग मी बोलतच नाही" होईल. आपल्या बाजूची पट्टी खाली घेतली तर कोणाचा मान दुखावत नाही आणि काम होतं.

गाण्याच्या ऑनलाइन क्लासचं थोडं वेगळं प्रकरण आहे, पुण्यात हे क्लास इतके आहेत की सांगितलंच पाहिजे. सदाशिव पेठेतले गुरुजी तानपुरा लावून बसलेत आणि डॅलसमधल्या शिष्याला तानपुरा मधेमधे ऐकू येतो, मधेच नाहीसा होतो. दोष तानपुऱ्याचा नाही आणि नेटचाही नाही. नॉइज सप्रेशनला शिकवलंय की जो आवाज सतत एकसारखा चालू असतो तो पंखा किंवा एसी समजून दाबायचा, आणि तानपुरा हा तर सतत एकसारखाच चालू असतो. इथे पट्टी वाढवून काही होत नाही, आवाज गुरुजींच्या बाजूलाच कापला गेलेला असतो. झूममधे याच्यासाठी ओरिजिनल साउंड नावाचं सेटिंग आहे, ते गुरुजींच्या मशीनवर चालू करायचं, गूगल मीटमधे नॉइज कॅन्सलेशन बंद करायचं, आणि दोन्हीकडे हेडफोन लावायचे. हेडफोन अशासाठी की इको कॅन्सलेशनला, दोघं एकदम गायले की, कोणाचा आवाज खरा आणि कोणाचा स्पीकरमधून परत आलेला हे नीट कळत नाही आणि तो एकाला दाबून टाकतो. तरीही एकत्र गाणं जमत नाही ते नाहीच, कारण आवाज पोचायला वेळ लागतो. सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तरी ते ३४ मीटर लांब उभं राहून साथ केल्यासारखं आहे, आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो त्या हिशोबाने. म्हणून गुरुजींनी म्हणायचं, थांबायचं, मग शिष्याने म्हणायचं, आणि तानपुरा दोघांनी आपापल्याकडे लावायचा, फोनवरच्या ॲपचा चालेल.

सोसायटीच्या ऑनलाइन मीटिंगमधे लोक होस्टवर चिडतात, "अहो तुम्ही मला अनम्यूट करा ना". होस्टला म्यूट करता येतं पण आपल्या संमतीशिवाय परस्पर अनम्यूट करता येत नाही, तो फक्त विनंती पाठवू शकतो, आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर कोणीही आपल्या घरातला माइक लांबून उघडू शकला असता. तेव्हा स्क्रीनवर ती विनंती आली की आपणच बटण दाबायचं. आणि सेक्रेटरींनी सगळे आत येतानाच म्यूट असतील असं सेटिंग ठेवावं, पार्किंगच्या विषयावर तरी नक्की.

बाकी आपल्या ॲपमधे पट्टी नसेल तर आज काय करायचं? आधी दोष कोणाकडे आहे ते बघायचं. सगळ्यांचेच आवाज लहान येत असतील तर आपल्याकडे काहीतरी आहे, एकाचाच लहान असेल तर त्याच्याकडे, आणि एकाचाच आवाज रोबोटसारखा तुटत असेल तर ते नेटवर्क आहे, पॅकेट वाटेत हरवतायत, तिथे आवाज वाढवून उपयोग नाही, व्हिडिओ बंद करून बघायचा. विंडोजवर व्हॉल्यूम मिक्सर उघडला की प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा करता येतो, माणसांचा नाही, पण निदान मेल आणि व्हॉट्सॲपची टिंगटिंग खाली घेऊन मीटिंग पुरी वर ठेवता येते. ज्याचा आवाज लहान आहे त्याला "मोठ्याने बोला" सांगण्यापेक्षा "फोन जवळ घ्या" सांगा, मोठ्याने बोलायला लावलं की माणूस दोन मिनिटांत दमतो आणि परत मूळपदावर येतो. ज्याचा फार मोठा आहे त्याच्या मशीनवर माइकची पातळी एकदा कोणीतरी घरी जाऊन उतरवून द्या, काकांच्या पोराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. नावासमोरची तीन टिंबं प्रत्येक अपडेटनंतर एकदा दाबून बघा, पट्टी नव्याने आलेली असू शकते.

आणि आली नसेल तर मागा. जवळपास प्रत्येक ॲपच्या मेन्यूत फीडबॅक पाठवायची जागा असते आणि तिथे "आवाज नीट येत नाही" एवढंच लिहिलं तर ते नेटवर्कच्या तक्रारींच्या ढिगात जातं. नेमकं लिहा. "मला प्रत्येक सहभागी माणसाचा आवाज फक्त माझ्यापुरता कमी-जास्त करायची सोय हवी आहे, म्यूट नको. आमच्या कॉलवर पाच-सहा जण असतात, त्यात दोघांना ऐकू कमी येतं. विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन, दोन्हीवर हवी." बस, एवढं. आणि हे घरातल्या एकानेच पाठवू नका, कॉलवरच्या प्रत्येकाने आपापल्या खात्यातून पाठवा, नाशिकच्या काकांनीसुद्धा.